प्रकल्प नोंदी: दोन जुळ्या फळमाशा आणि त्यांच्यातला जनुकप्रवाह

७ जुलै

प्रश्न आज कागदावर नीट उतरवला, म्हणजे पुढे भरकटायला नको.

ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा आणि ड्रोसोफिला परसिमिलिस या दोन फळमाशा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या. स्यूडोऑब्स्क्युराचा पसारा मोठा, परसिमिलिस पॅसिफिक किनाऱ्याकडच्या थंड, दमट पट्ट्यात. परसिमिलिस जिथे असते तिथे बहुतेक वेळा स्यूडोऑब्स्क्युराही सापडते. दिसायला दोघी इतक्या सारख्या की १९२९ मध्ये लान्सफिल्ड यांनी त्यांना एकाच प्रजातीच्या 'रेस ए' आणि 'रेस बी' म्हटलं. दुसरीला स्वतःचं नाव मिळायला १९४४ उजाडलं. ते डोबझान्स्की आणि एपलिंग यांनी दिलं.

प्रयोगशाळेत दोघींचा संकर होतो. पहिल्या पिढीतले नर वांझ, माद्या मात्र प्रजननक्षम. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, माद्यांच्या बाजूने फट आहे. निसर्गात संकरित माशी सापडते, पण फारच क्वचित. डोबझान्स्कींनी १९७३ मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं.

मग प्रश्न असा: त्या फटीतून एका प्रजातीची जनुकं दुसरीत गेली आहेत का? गेली असतील तर जीनोमच्या कोणत्या भागात आणि साधारण केव्हा? 'केव्हा' हा शब्द मार्गदर्शक मॅडमनी लाल पेनाने अधोरेखित केला. तो सगळ्यात अवघड जाणार, असं दिसतंय.

९ जुलै

दुसरी जोडी घ्यावी का, यावर बराच वेळ गेला. ड्रोसोफिला याकुबा आणि सँटोमेआ ही जोडी मोहात पाडणारी. साओ टोमे बेटावरच्या डोंगरावर दोघींच्या सीमा भिडतात, तिथे संकर आजही मिळतात, आणि याकुबाच्या मायटोकॉन्ड्रियाने सँटोमेआच्या मूळ मायटोकॉन्ड्रियाची जागा घेतल्याचं दाखवणारे चांगले पेपर आहेत. सिम्युलन्स, सेशेलिया आणि मॉरिशियाना हे त्रिकूटही उत्तम. तिघी सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

तरी स्यूडोऑब्स्क्युरावरच ठाम राहिलो, कारण तिच्याकडे एक गोष्ट तयार आहे: बोगोटाना. ही स्यूडोऑब्स्क्युराचीच उपप्रजाती, कोलंबियात बोगोटाच्या आसपास राहणारी, मूळ पसाऱ्यापासून खूप दूर. तिथे परसिमिलिस नाहीच. परसिमिलिसशी कधी गाठ न पडलेली स्यूडोऑब्स्क्युरा म्हणजे निसर्गानेच ठेवलेला कंट्रोल. अशी सोय बाकी जोड्यांमध्ये सहजी मिळत नाही.

(बोगोटानाबद्दल एक गंमत: बोगोटाना मादी आणि अमेरिकी नर यांचे मुलगे जवळजवळ वांझ, उलट दिशेने केलेल्या संकरातले मुलगे ठीक. त्या वांझ मुलग्यांना म्हातारं होऊ दिलं तर त्यांना थोडी संतती होते, आणि ती जवळपास सगळी मादी. फडनीस आणि ऑर यांनी २००९ मध्ये दाखवलं की या दोन्हींमागे एकच जनुक आहे, 'ओव्हरड्राइव्ह'. आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही, पण वाचून झोप उडाली म्हणून लिहून ठेवतो.)

१४ जुलै

नमुन्यांची यादी. सगळा डेटा सार्वजनिक संग्रहातून घ्यायचा, नवीन सीक्वेन्सिंग करायचं नाही. अट एवढीच: प्रत्येक स्ट्रेन (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेलं माशांचं एक घराणं) कुठून पकडली ते नोंदलेलं हवं. 'प्रयोगशाळेतील जुनी स्ट्रेन' एवढंच लिहिलेल्या फाइल्स बाजूला ठेवल्या. ज्या माश्यांचा पत्ता माहीत नाही त्यांच्यावरून भूगोलाचा निष्कर्ष काढता येत नाही.

आउटग्रुप (पूर्वजाकडचं जुनं अक्षर ठरवायला घेतलेली दूरची प्रजाती) कोणता, यावर वाद झाला. सगळ्यांच्या जिभेवर आधी येतं ते ड्रोसोफिला मिरांडा. ती जवळची आहे, तिचा जीनोम चांगला जोडलेला आहे. पण मिरांडात एक भानगड आहे. तिचं तिसरं गुणसूत्र वाय गुणसूत्राला जोडलं गेलं, त्यामुळे त्याची एक प्रत निओ-वाय म्हणून झिजत चालली आहे आणि दुसरी निओ-एक्स झाली आहे. नर मिरांडाचे रीड्स (सीक्वेन्सिंगमधून मिळणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेतले तर निओ-वायचे तुकडे त्याच जागेवर येऊन बसतात आणि खोटे हेटेरोझायगस (एकाच जागी दोन वेगळी अक्षरं) दाखवतात. पूर्वजाकडे कोणतं अक्षर होतं हे जिच्यावरून ठरवायचं तीच अशी दुतोंडी असेल तर पुढचं सगळं डळमळीत. म्हणून ड्रोसोफिला लोवेई. ती जास्त दूरची आहे, तिचे काही रीड्स वाया जातील, पण तिसऱ्या गुणसूत्रावर अशी फसवणूक नाही. मिरांडा (फक्त माद्या) पडताळणीपुरती.

१५ जुलै

डाउनलोड सुरू. सर्व्हरवरची जागा अपुरी, जुन्या प्रकल्पांच्या फाइल्स हलवल्या.

२१ जुलै

मॅपिंग संपलं. बीडब्ल्यूए हे सॉफ्टवेअर वापरून सगळे रीड्स स्यूडोऑब्स्क्युराच्या रेफरन्सवर (आधीच जोडून ठेवलेल्या जीनोमवर) बसवले, आणि चिंता तिथूनच सुरू होते. रेफरन्स एका बाजूचा असला की त्या बाजूसारखे रीड्स सहज बसतात. परसिमिलिसचे जे तुकडे जास्त वेगळे आहेत ते बसतच नाहीत किंवा कमी गुणांनी बसतात आणि फिल्टरमध्ये गळतात. उरतं ते मुळातच सारखं असलेलं. म्हणजे दोन प्रजाती आहेत त्यापेक्षा जवळच्या दिसतात, आणि ही खोटी जवळीक सगळ्यात जास्त तिथे जिथे खरा फरक सगळ्यात मोठा. यावर उपाय म्हणून हेच काम दुसऱ्या रेफरन्सवर पुन्हा करायचं ठरलं. दोन्हीकडे निष्कर्षाची दिशा एकच आली तरच तो लिहायचा.

लिंग ओळखायला कव्हरेज (एका जागेवर किती रीड्स बसले, म्हणजेच खोली) पुरलं. नरात एक्स गुणसूत्र एकच, म्हणून त्यावरची खोली ऑटोसोमच्या (लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रांच्या) जवळपास निम्मी. जिथे नोंदीत लिंग लिहिलेलं नव्हतं तिथेही आकडा स्वच्छ बोलतो. नरांच्या एक्सवर जीनोटाइप हॅप्लॉइड (एकच प्रत) म्हणूनच काढायचे. तिथे हेटेरोझायगस दिसला तर तो नक्कीच चुकीचा, आणि तसे दिसणारे भाग सगळ्या नमुन्यांत झाकून टाकायचे. पुनरावृत्ती असलेले तुकडे असेच सापडतात.

आणखी एक: न बदललेल्या जागाही फाइलमध्ये ठेवायच्या. फक्त बदललेल्या जागा ठेवल्या की 'डेटा नाही' आणि 'फरक नाही' यांतला भेद पुसला जातो आणि दोन प्रजातींमधलं अंतर खोटं कमी येतं. अंतर मोजायला पिक्सी हे सॉफ्टवेअर वापरणार, ते हा भेद पाळतं.

२५ जुलै

पीसीए (सारखे नमुने जवळ आणि वेगळे दूर दाखवणारा ठिपक्यांचा आलेख) काढला. दोन प्रजाती दोन टोकांना, बोगोटाना स्यूडोऑब्स्क्युराच्या बाजूला पण वेगळा ठिपका. अपेक्षेप्रमाणे.

दोन ठिपके खटकले.

पहिला: 'परसिमिलिस' असं लेबल असलेली एक स्ट्रेन थेट स्यूडोऑब्स्क्युराच्या घोळक्यात बसली आहे. ज्युनिअर उत्साहात म्हणाली, "हाच तर जनुकप्रवाह!" नाही. खरा जनुकप्रवाह म्हणजे जीनोमचे तुकडे इकडचे तिकडे. संपूर्ण जीनोम दुसऱ्या प्रजातीचा निघाला तर ती माशीच दुसऱ्या प्रजातीची. पहिल्या पिढीचा संकर असता तर दोन प्रजातींत ठाम वेगळ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक जागी ती हेटेरोझायगस दिसली असती आणि पीसीएवर दोन घोळक्यांच्या मधोमध आली असती. इथे तसं काहीच नाही. हे लेबल बदललेलं आहे, किंवा कुठल्या तरी टप्प्यावर बाटलीत दुसरी माशी शिरली. नराच्या जननांगाच्या बारीक मापांखेरीज या माशा डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत, त्यामुळे असं होणं अजिबात आश्चर्याचं नाही. स्ट्रेन वगळली. ती मोजणीत राहिली असती तर निकाल केवढा 'सुंदर' आला असता, या विचाराने अंगावर काटा आला.

दुसरा ठिपका जास्त रंजक. एक परसिमिलिस स्ट्रेन सगळीकडे परसिमिलिससारखीच आहे, पण एक्सच्या उजव्या बाहूवर बाकीच्या परसिमिलिसपासून दूर जाते. जोडीच्या रीड्सची दिशा पाहिली तर त्या बाहूवरची गुणसूत्राची मांडणी (जनुकांचा क्रम) स्यूडोऑब्स्क्युरासारखी. इथे लेबल बरोबर आहे. ही 'सेक्स-रेशिओ' एक्स असणार. हे स्वार्थी गुणसूत्र ज्या नरात असतं त्याच्या वाय असलेल्या शुक्रपेशी नीट बनत नाहीत, आणि त्याला जवळपास सगळ्या मुलीच होतात. परसिमिलिसच्या या सेक्स-रेशिओ गुणसूत्राची मांडणी स्यूडोऑब्स्क्युराच्या साध्या एक्सशी जवळजवळ जुळते, हे जुनं ज्ञान आहे. मांडणी जुळते म्हणून ते तिकडून आलं असं म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न. आत्ता फक्त एवढंच: या स्ट्रेनचा तो बाहू मोजणीतून बाहेर.

३० जुलै

ज्युनिअरला पद्धत समजावताना मलाच ती नीट कळली, म्हणून इथे उतरवतो.

चार जण घ्यायचे, या क्रमाने: बोगोटाना, अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युरा, परसिमिलिस, लोवेई. लोवेईकडचं अक्षर जुनं धरायचं, त्याला 'ए' म्हणायचं. नवीन झालेल्या बदलाला 'बी'. बहुतेक बदल पहिल्या दोघींत समाईक असतील किंवा एकीतच असतील, त्यांचा उपयोग नाही. उपयोगाच्या जागा दोनच प्रकारच्या. 'एबीबीए': नवीन अक्षर अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युरा आणि परसिमिलिसकडे आहे, बोगोटानाकडे नाही. 'बीएबीए': नवीन अक्षर बोगोटाना आणि परसिमिलिसकडे आहे, अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युराकडे नाही.

दोन्ही नमुने वंशवृक्षाशी विसंगत, तरीही दोन्ही जनुकप्रवाहाशिवाय तयार होतात. पूर्वजांच्या गोतावळ्यात एकाच जागी दोन्ही अक्षरं फिरत होती. प्रजाती फुटताना कोणती कोणाकडे गेली हा नशिबाचा भाग. यात परसिमिलिसचं नशीब बोगोटानाशी जुळण्याची आणि अमेरिकी बहिणीशी जुळण्याची शक्यता सारखीच. म्हणून जनुकप्रवाह नसेल तर दोन्ही नमुन्यांची संख्या जवळपास समान यायला हवी. एक जास्त आला तर त्या जोडीत देवाणघेवाण झाल्याची शंका घ्यायची. दोन्हींचा फरक भागिले दोन्हींची बेरीज म्हणजे 'डी'. समजा एबीबीए १,२०० आणि बीएबीए १,००० जागी मिळालं, तर २०० भागिले २,२००, म्हणजे साधारण ०.०९.

ही नशिबाची गोष्ट या माशांत लहानसहान नाही. हिशोब करून पाहिला. प्रजनन करणारी संख्या २० लाख, वर्षाला ५ पिढ्या, परसिमिलिस ५ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि बोगोटाना दीड लाख वर्षांपूर्वी, असं धरलं. मधला काळ १७.५ लाख पिढ्यांचा. दोन वंशरेषा एकत्र यायला सरासरी ४० लाख पिढ्या लागतात. म्हणजे मधल्या काळात एकत्र न येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के, आणि त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाचातल्या एका जागेहून थोडं जास्त, निव्वळ योगायोगाने एबीबीएचा वृक्ष दाखवेल. धरलेले आकडे थोडे इकडेतिकडे केले तरी चित्र तेच राहतं. नुसतं 'ही जनुकं दोघींत सारखी आहेत' म्हणून कोणी जनुकप्रवाह सांगायला आलं तर हा हिशोब पुढे करायचा.

५ ऑगस्ट

पूर्ण जीनोमचा पहिला निकाल. डी शून्याच्या वर, एबीबीएच्या बाजूने. म्हणजे अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युरा आणि परसिमिलिस. खात्रीसाठी जीनोमचे मोठे ठोकळे पाडून एकेक ठोकळा गाळत पुन्हा मोजलं (ब्लॉक जॅकनाइफ); झेड (डी शून्यापासून किती प्रमाणत्रुटी दूर आहे ते) ३ च्या उंबरठ्याच्या बराच पलीकडे. शेजारशेजारच्या जागा एकमेकींशी बांधलेल्या असतात, त्यांना सुट्या धरून प्रमाणत्रुटी काढली की ती हास्यास्पद लहान येते, म्हणून ठोकळे.

लगेच पेढे वाटायचे नाहीत. आधी शंका:

रेफरन्सचा कल. दुसऱ्या रेफरन्सवर मोजणी चालू आहे.

एकाच जागी दोनदा बदल. दूरचा आउटग्रुप असल्यामुळे हे होऊ शकतं. फक्त ट्रान्सव्हर्जन (डीएनएच्या ए-जी आणि सी-टी या दोन गटांमधले बदल) घेऊन पुन्हा मोजायचं. ते एकाच जागी दोनदा होणं दुर्मिळ.

सीक्वेन्सिंगच्या चुका. बोगोटानाचा डेटा जुना आणि कमी खोलीचा असेल तर तिच्यातला नवीन बदल हुकतो, बीएबीए कमी भरतं आणि डी आपोआप वर जातो. ही शंका मला सगळ्यात जास्त टोचते. सगळ्या नमुन्यांचे रीड्स समान खोलीवर उतरवून पुन्हा मोजणार.

पूर्वजातली जुनी फाटाफूट. पूर्वजांचा समूह एकजीव नसून आधीच तुकड्यांत असेल आणि त्यातला एक तुकडा परसिमिलिसच्या जास्त जवळचा असेल, तर देवाणघेवाण न होताही डी वर जाऊ शकतो. यावर एका आकड्याने उत्तर मिळत नाही. तुकड्यांची लांबी पाहावी लागेल. अलीकडे आलेले तुकडे लांब असतात, जुने पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिकॉम्बिनेशनने (गुणसूत्रांच्या जोडीतल्या तुकड्यांच्या अदलाबदलीने) चिरडलेले.

८ ऑगस्ट

समान खोलीवर: दिशा तीच. ट्रान्सव्हर्जन: तीच. दुसरा रेफरन्स: तीच, थोडा लहान. आता थोडा विश्वास बसतोय.

१२ ऑगस्ट

गुणसूत्रवार मोजणी.

या दोन प्रजातींत एक्सचा डावा बाहू आणि दुसरं गुणसूत्र यांवर मोठी इन्व्हर्जन्स (गुणसूत्राचे उलटे फिरलेले भाग) पक्की वेगळी आहेत. एक्सच्या उजव्या बाहूवरचं जवळजवळ पक्कं, कारण वर लिहिलेली सेक्स-रेशिओ भानगड. चौथ्या गुणसूत्रावर मोठा फरक नाही. संकरित मादीत उलट्या मांडणीचा भाग नीट अदलाबदल करत नाही. क्रॉसओव्हर झालाच तर बिघडलेली गुणसूत्रं तयार होतात. त्यामुळे त्या भागातली जनुकं गठ्ठ्याने जातात किंवा जातच नाहीत. वांझपणाशी संबंधित बरीचशी जनुकं याच भागांत सापडली आहेत, म्हणून गठ्ठा सहसा अडतो. नूर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली कल्पना हीच.

माझ्या मोजणीत डी सरळ मांडणीच्या भागात ठळक, इन्व्हर्जनच्या आत फिका. पुस्तकातल्यासारखं.

'सरळ भाग' ठरवताना मात्र इन्व्हर्जनच्या टोकांबाहेरचे दोन-तीन मेगाबेसही (वीस-तीस लाख अक्षरं) वगळले. संकरात रिकॉम्बिनेशनचा अडसर टोकापाशी थांबत नाही, बाहेरही पसरतो. ही किनार सरळ भागात मोजली तर फरक उगाच पुसट होतो.

लहान खिडक्यांत डी वापरणं थांबवलं. जिथे विविधता कमी, तिथे मोजायला जागाच थोड्या, आणि डी इकडून तिकडे टोकाच्या उड्या मारतो. त्या जागी मार्टिन, डेव्ही आणि जिगिन्स यांनी २०१५ मध्ये सुचवलेला 'एफ-डी' वापरला. आलेख लगेच शांत झाला. कालपर्यंत ज्या शिखरांवर मी वर्तुळं काढत होतो त्यातली निम्मी गेली, बरं झालं.

१९ ऑगस्ट

आजची बैठक लांबली आणि प्रकल्पाचा रोख बदलला.

मी अंतराचा आलेख दाखवला. स्यूडोऑब्स्क्युरा आणि परसिमिलिस यांच्यातलं सरासरी अंतर इन्व्हर्जनच्या आत जास्त, बाहेर कमी. (एफ-एसटी, म्हणजे प्रजातीतल्या विविधतेच्या तुलनेत मोजलेला फरक, नाही; थेट अंतर. एफ-एसटी एका बाजूची विविधता कमी असली तरी फुगतं. क्रुइकशँक आणि हान यांच्या २०१४ च्या पेपरनंतर 'स्पेसिएशनची बेटं' (जीनोममधले जास्त वेगळे झालेले भाग) दाखवताना हे लक्षात ठेवावंच लागतं.) माझं म्हणणं सरळ होतं: बाहेर जनुकं वाहिली म्हणून अंतर घटलं, आत वाहिली नाहीत म्हणून टिकलं.

मॅडमनी विचारलं, "बोगोटाना आणि परसिमिलिसचा असाच आलेख काढलास का?"

काढला होता, पुरवणीत टाकला होता. उघडला. तिथेही तेच: आत जास्त, बाहेर कमी. फरक थोडा वेगळा, पण चित्र तेच.

बोगोटाना परसिमिलिसच्या वाटेला गेली नाही. मग तिच्या बाबतीत आतबाहेरचा फरक अलीकडच्या जनुकप्रवाहातून कसा येईल? उरतात दोन शक्यता. एक, बोगोटाना वेगळी होण्याआधीच, जेव्हा स्यूडोऑब्स्क्युरा एकच होती, तेव्हा परसिमिलिसशी देवाणघेवाण झाली आणि बोगोटाना तिचा वारसा घेऊन गेली. दोन, प्रजाती फुटण्याच्याही आधीपासून पूर्वजांत दोन्ही मांडण्या नांदत होत्या. सरळ आणि उलट्या मांडणीची गुणसूत्रं एकमेकांत मिसळत नसल्यामुळे तेव्हापासूनच त्यांच्यात फरक साठत गेले. पुढे एक मांडणी एकीकडे, दुसरी दुसरीकडे. असं असेल तर इन्व्हर्जनच्या आतलं जादा अंतर म्हणजे प्रजातींचं वय नव्हे, मांडण्यांचं वय.

दुसरी शक्यता हवेतली नाही. फुलर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच मांडलं: या जोडीतली पक्की इन्व्हर्जन्स प्रजाती फुटण्याच्या बरीच आधी पूर्वजांत होती. सेक्स-रेशिओ गुणसूत्राचं कोडंही त्यातून सुटतं. परसिमिलिसची ती मांडणी स्यूडोऑब्स्क्युराकडून आली असं मानायची गरज उरत नाही; दोघींनी ती एकाच जुन्या घरातून नेली. २०२१ मध्ये कोरुनेस, मशाडो आणि नूर यांनी मोठ्या डेटावर तीन वेगवेगळे काळ सुटे करून दाखवले: फुटण्याआधीचा, फुटल्यानंतर पण बोगोटानाच्या आधीचा, आणि बोगोटाना गेल्यानंतरचा.

तर मग माझ्या डीला काय दिसतं? फक्त तिसरा काळ. बोगोटाना गेल्यानंतर जे घडलं तेवढंच. त्याआधी आलेलं अक्षर अमेरिकी आणि बोगोटाना दोघींकडे सारखंच पोचलेलं असतं, म्हणून ते दोन्ही रकान्यांत समान वाटलं जातं आणि वजाबाकीत नाहीसं होतं. डी शून्य आला असता तरी 'जनुकप्रवाह कधीच झाला नाही' असं म्हणता आलं नसतं. हे सूत्रातच लिहिलेलं आहे. पण सूत्र पाठ असणं वेगळं आणि आलेखासमोर ते आठवणं वेगळं.

निर्णय: अंतराचा आलेख आणि डी यांना एकाच वाक्यात बांधायचं नाही. अलीकडच्या प्रवाहासाठी वजाबाकी पाहायची: परसिमिलिसचं बोगोटानापासूनचं अंतर वजा अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युरापासूनचं अंतर, खिडकीनुसार. मांडणीचं जुनं वय दोन्हीकडे समान असल्यामुळे ते वजा होऊन जातं.

२६ ऑगस्ट

वजाबाकी केली. सरळ भागात परसिमिलिस अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युराच्या जास्त जवळ. इन्व्हर्जनच्या आत ती जवळीक विरते. अलीकडच्या प्रवाहापुरती माझी पहिली समजूत टिकली, फक्त आकाराने बरीच लहान होऊन. मूळ आलेखातला बहुतांश फरक जुन्या काळाचा होता.

तिसरं गुणसूत्र वेगळ्या तक्त्यात. तिथे प्रजातीच्या आतच मांडण्यांची गर्दी आहे: स्यूडोऑब्स्क्युरात ॲरोहेड, चिरिकाहुआ, ट्री लाइन, पाइक्स पीक, परसिमिलिसच्या आपल्या वेगळ्या, आणि 'स्टँडर्ड' दोघींत. स्टर्टेव्हंट आणि डोबझान्स्की यांनी १९३० च्या दशकात याच मांडण्यांवरून वंशवृक्ष काढला होता, सीक्वेन्सिंगचं नावही नव्हतं तेव्हा. कोणत्या स्ट्रेनमध्ये कोणती मांडणी हे न पाहता इथला डी काढणं म्हणजे मांडण्यांची तुलना प्रजातींच्या नावाने खपवणं. मांडणीनुसार गट पाडले की प्रत्येक गटात नमुने फारच थोडे उरतात. आकडा न देता एवढंच लिहिणार.

२ सप्टेंबर

संगणकापासून सुटका, दोन कामं बाकावर.

वगळलेल्या स्ट्रेनच्या जिवंत माशा मागवल्या होत्या, त्या आल्या. एका माशीचा डीएनए काढायची जुनी सोपी रीत: ५० मायक्रोलिटर बफरमध्ये (ट्रिस, ईडीटीए, मीठ, प्रोटिनेज के) पिपेटच्या टोकाने माशी चिरडायची, ३७ अंशांवर अर्धा तास, मग ९५ अंशांवर दोन मिनिटं, म्हणजे एन्झाइम मरतं. त्यावर इन्व्हर्जनच्या टोकांना धरून पीसीआर. प्रायमरची जोडी अशी की एका मांडणीत दोन्ही प्रायमर शेजारी आणि समोरासमोर येतात, दुसऱ्या मांडणीत मैलोगणती दूर; पट्टी येते किंवा येत नाही. 'येत नाही' हा पुरावा कमकुवत, कारण पीसीआर इतर शंभर कारणांनी फसतो. म्हणून दोन्ही मांडण्यांच्या जोड्या लावल्या; प्रत्येक माशीत एक तरी पट्टी यायलाच हवी.

आली. स्यूडोऑब्स्क्युराची. लेबलाचा प्रश्न मिटला. ज्यांच्याकडून आली त्यांना कळवलं.

दुसरं काम ज्युनिअरच्या हौसेखातर. संकरित अळीच्या लाळग्रंथी काढून ऑर्सिनने रंगवल्या आणि काचेखाली दाबल्या. पहिल्या काही पट्ट्या चिखल झाल्या, नंतर एक छान पसरली. दुसऱ्या गुणसूत्रावर फास स्पष्ट दिसतो: दोन प्रजातींच्या प्रती जागेला जागा जुळवण्यासाठी एकमेकींभोवती वळलेल्या. जवळजवळ दोन महिने ज्याला मी 'खिडकी क्रमांक अमुक ते तमुक' म्हणत होतो ते हे. अळ्या १८ अंशांवर वाढवल्या होत्या. या माशांना मेलानोगास्टरचे (प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या फळमाशीचे) २५ अंश मानवत नाहीत, आणि थंडीत हळू वाढलेल्या अळ्यांची गुणसूत्रंही जाड, चांगली मिळतात.

९ सप्टेंबर

मायटोकॉन्ड्रिया. १९८३ मध्ये पॉवेल यांनी दाखवलं होतं की ज्या ठिकाणी दोघी एकत्र राहतात तिथे त्यांचे मायटोकॉन्ड्रियल डीएनए संशयास्पद जवळचे आहेत. माझ्या वृक्षातही परसिमिलिस आणि अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युरा सरमिसळ आहेत, बोगोटाना बाजूला. डीशी हे जुळतं, आणि जुळतं म्हणूनच सावध. मायटोकॉन्ड्रियात रिकॉम्बिनेशन नाही, सगळा मिळून तो एकच साक्षीदार. आईकडून येतो, आणि प्रजननक्षम संकर माद्याच असल्यामुळे त्याला दार सताड उघडं. त्याच्यावरून बाकी जीनोमबद्दल बोलायचं नाही. अहवालात एक परिच्छेद.

१६ सप्टेंबर

अहवालाचा मसुदा. निष्कर्षाचं वाक्य अनेकदा खोडून असं उरलं: 'बोगोटाना वेगळी झाल्यानंतरच्या काळात अमेरिकी स्यूडोऑब्स्क्युरा आणि परसिमिलिस यांच्यात जनुकप्रवाह झाल्याचा पुरावा सरळ मांडणीच्या भागांत मिळतो; त्याआधीच्या काळाबद्दल ही चाचणी काही सांगत नाही.' 'इन्व्हर्जन्समुळे प्रजाती टिकल्या' हे मूळ मसुद्यातलं वाक्य गेलं.

जनुकप्रवाह नाही असं धरून केलेली सिम्युलेशन्स पुरवणीत जोडली. पूर्वज समूहात मध्यम फाटाफूट घातली तरी लांब तुकडे तयार होत नाहीत. प्रत्यक्ष डेटात ते सरळ भागात आहेत. पाचव्या ऑगस्टच्या यादीतली शेवटची शंका यामुळे पुरती मिटत नाही, पण बरीच बारीक होते.

समितीचा एक प्रश्न येणार हे नक्की: दिशा कोणती? परसिमिलिसकडून स्यूडोऑब्स्क्युरात, की उलट? अलीकडचे तुकडे ओळखून त्यांचा उगम शोधता येईल असं वाटलं होतं, म्हणून मसुद्यात तसा भाग होता. पण स्यूडोऑब्स्क्युरात काय आलं ते ओळखायला बोगोटाना आहे. परसिमिलिसमध्ये काय आलं ते ओळखायला स्यूडोऑब्स्क्युराच्या वाऱ्यालाही न राहिलेली परसिमिलिस हवी. तिचा पसारा जवळजवळ सगळा स्यूडोऑब्स्क्युराच्या पसाऱ्यात आहे, त्यामुळे अशी परसिमिलिस मिळत नाही. तुलना एका बाजूने आंधळी. तो भाग काढला, आणि मर्यादांच्या विभागात हे कारण लिहिलं.